नसलेल्या घरातले कप

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच माझी इच्छा आहे. विश्वास बसला की माणसं जांभया द्यायला लागतात.

कंपनी आता तुमची. ही तालमीची खोली तुमची, तो उखडलेल्या फळ्यांचा मंच तुमचा, बाहेरची गाडीही तुमचीच, चालू झाली तर. तुम्हाला कंपनीचा इतिहास हवा आहे आणि जुन्यांपैकी मी एकटा उरलोय, म्हणून माझी आठवण झाली. बरं झालं. खिडकीशी कोटाला बटणं लावत बसली आहे ती माझी पुतणी, थोरल्या भावाची मुलगी. तिला सगळे चिमणी म्हणतात. केस पिकले, चष्मा लागला, तरी चिमणीच. ती मध्ये मध्ये चोच मारेल, तिकडे लक्ष देऊ नका. आईबापांकडून तिला सगळं मिळालं, थापा मारायची कला तेवढी मिळाली नाही.

"ती सगळी तुमच्याच वाट्याला गेली, काका," चिमणीने दोरा दाताने तोडला. "सांगा तुम्ही. मी बटणं लावते."

पाहिलंत?

तर कंपनी म्हणजे आम्ही पाच माणसं. दादा, म्हणजे माझा भाऊ, मालक आणि दिग्दर्शक. वहिनी, त्याची बायको. मी. लांबू नावाचा एक नट, जो दारातून कधी सरळ आत आला नाही, वाकूनच आला. आणि ड्रायव्हर, जो गाडी चालवायचा आणि नाटकात कुत्रा, पाऊस, पोस्टमन, जे लागेल ते व्हायचा. दारात तिकिटं फाडायला ही चिमणी. तेव्हा चांगली बाईमाणूस झाली होती, रागीट होती, फुकट्यांना आत सोडायची नाही.

सुरुवातीला आमच्याकडे सगळं होतं. रंगवलेले पडदे, सोफा, उंच घड्याळ, चौकटीसकट एक दार. हे सगळं एका ट्रकमधून यायचं. एकदा पूल ओलांडताना पडद्यात वारा शिरला, पडदा शिडासारखा फुगला आणि अख्खा ट्रक पुलावरून उडाला. सोफा नदीतून वाहत गेला. त्यावर एक बदक बसलेलं लोकांनी पाहिलं.

"सामान चुकीच्या गावी उतरलं होतं," चिमणी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी परत आलं."

"पण तुझ्या बाबांनी ते परत घेतलं नाही, हे खरं की नाही?"

"हे खरं."

मग झालं तर. बदकाचं काय घेऊन बसलीस?

त्या संध्याकाळी प्रयोग होता. लोक बाकांवर येऊन बसलेले, आणि रंगमंचावर केर काढलेली जमीन, बस्स. दादा विंगेत डोकं धरून बसला. वहिनी म्हणाली, "अहो, लोक आलेत. मी जाते बाई." आणि गेली. मधोमध उभी राहिली, इकडेतिकडे पाहिलं, आणि हाताने एक दार ढकललं. नसलेलं दार. ते जरा अडकलं, म्हणून तिने खांदा लावला. पहिल्या रांगेतला एक म्हातारा बायकोला म्हणाला, "आपल्यासारखंच अडकतंय." दादाने हे विंगेतून ऐकलं आणि त्याचं आयुष्य तिथे फिरलं.

त्यानंतर आम्ही रंगमंचावर वस्तू म्हणून काही नेलं नाही. दादा म्हणायचा, "खुर्ची नेली की ती एक खुर्ची होते. नाही नेली, तर बघणाऱ्या प्रत्येकाच्या घरची होते." लोकांना हे ऐकायला छान वाटायचं. आमच्या मांड्यांना विचारा. नसलेल्या खुर्चीवर दोन अंक बसून दाखवा, मग बोलू कलेबद्दल.

रोज सकाळी तालीम. कुठल्याही गावात असलो, कुठल्याही शाळेच्या नाहीतर गोदामाच्या खोलीत झोपलेलो असलो, तरी उठल्यावर आधी ते घर लावायचं. इथे टेबल. इथे खिडकी. इथे चूल, इथे फळी, फळीवर कप. भरलेली किटली उचलताना मनगट किती वाकतं आणि रिकामी उचलताना किती, यावर दादा तासभर बोलायचा. मला म्हणायचा, "तुझ्या किटलीत पाणीच नाही." मी म्हणायचो, "नाहीच आहे." मग दिवसभर अबोला.

वहिनीला शिकवावं लागलं नाही. तिचे हात! ती किटलीवरचं झाकण उचलायची तेव्हा पहिल्या रांगेतली माणसं वाफेपासून तोंड मागे घ्यायची. एका मास्तरांचा चष्मा धुकटला, त्यांनी पुसला, परत धुकटला. एका गावात तर नाटक संपल्यावर फळीवरचा चमचा चोरीला गेला. चोर दुसऱ्या दिवशी स्वतःच परत करायला आला, बोटांच्या चिमटीत धरून. वहिनीने चमचा पारखून घेतला आणि म्हणाली, "हा आमचा नाही. आमच्याला दांड्याजवळ पोचा आहे."

"हे बाकी आई म्हणाली होती," चिमणी हसली. "पण चोराला नाही. तुम्हाला. तुम्ही तालमीत चमचा चुकीच्या जागी ठेवला होतात."

ठीक. चोर मी.

आमचं नाटक एकच होतं, नावं तेवढी बदलायची. एक आई आहे. मुलगा बरीच वर्षं बाहेर आहे. ती रोज घर आवरते. लोक येतात, जातात. शेजारी मी, कुत्रा ड्रायव्हर. शेवटी मुलगा येतो. तो काही बोलत नाही, तीही बोलत नाही. ती फळीवरून कप काढते, चहा ओतते, त्याच्या हातात देते. तो पितो. संपलं. एवढ्यासाठी माणसं चिखल तुडवत यायची आणि नाक शिंकरत परत जायची.

आता दादाचा एक नियम सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. हाताने केलं ते झालं. त्या घरात जे घडेल ते घडलेलंच राहणार, या प्रयोगापुरतं नाही, कायमचं. मी एकदा पाय घसरून खिडकीवर आदळलो आणि काच फुटली. दुसऱ्या गावात काच नवी नाही. खिडकीला पुठ्ठा लावला. तो पुठ्ठा आम्ही वर्षानुवर्षं वागवला. ड्रायव्हर पाऊस व्हायचा तेव्हा त्या कोपऱ्यातून आत शिंपडायचा, आणि मला शिव्या घालत शिंपडायचा. आम्ही त्या घरात राहत होतो हो. खऱ्या घराला आमच्याकडे कुलूप होतं, त्याला जाळी लागली होती.

आणि मग वहिनीचे हात.

आधी झाकण वाजलं. ती चहा ओतत होती आणि किटलीवरचं झाकण बारीक वाजायला लागलं. मी शपथेवर सांगतो, मला ऐकू आलं. प्रयोगानंतर दादा खूश. म्हणाला, "झाकण वाजवलंस ते फार छान. मुलगा समोर आल्यावर आईचा हात असाच व्हायचा. ठेव ते." वहिनी केसातल्या पिना काढत होती. म्हणाली, "ठेवते." नवऱ्याने इतक्या वर्षांत इतकं कौतुक केलं नव्हतं. कसं सांगणार त्याला, की हे तिने केलेलंच नाही?

मला सांगितलं तिने. गाडीत मागच्या बाकावर बसलो होतो. तिने हात मांडीवर ठेवला होता आणि अंगठा आपला आपण हलत होता, नाणं चोळावं तसा. "भावजी, हा बघा," म्हणाली, कुणा खोडकर पोराकडे बोट दाखवावं तशी. "ऐकतच नाही." मी म्हणालो, "थंडी आहे." ती म्हणाली, "हो, थंडीच असेल." खिडकीतून ऊन आत येत होतं.

पुढे कुठल्याशा गावात पहिला कप पडला. फळीवरून काढला, वळली, आणि हात असा झटकला गेला. आवाज झाला नाही आणि सगळ्यांना ऐकू आला. लांबू मुलगा होऊन दारात उभा. तो भला माणूस खाली वाकला, एकेक तुकडा उचलून तळहातावर ठेवला. बोटाला तुकडा लागला, रक्त आलं. खरं रक्त.

"रंगमंचाच्या लाकडातला खिळा लागला होता त्याला," चिमणी म्हणाली.

"खिळा तरी कशाला लागला? वाकला म्हणूनच ना?"

तिने पुढचं बटण घेतलं.

वहिनीने दुसरा कप काढला, चहा दिला. लोक रडले. पण फळीवर एक जागा रिकामी झाली. दुसऱ्या सकाळी तालमीत दादाने घर लावलं तेव्हा त्या जागेवरून हात तसाच पुढे नेला. तेव्हा त्याला कळलं असावं. कारण त्या दिवशी तो मला किटलीवरून बोलला नाही.

डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर शांत माणूस. म्हणाले, हे वाढत जाणार. गोळीने थोडा वेळ बरं वाटेल, बरं होणार नाही. मग त्यांनी वहिनीला पाण्याचा पेला धरायला दिला. हात स्थिर! दगडासारखा! पेला काढून घेतला, हात पुन्हा सुरू. डॉक्टर म्हणाले, "काही जणांचं असं होतं. हातात वजन आलं की हाताला आधार मिळतो. रिकामा राहिला की भटकतो." वहिनी दादाकडे पाहून हसली. "ऐकलंत? रिकामा नको म्हणतायत."

सगळी गंमत इथे आहे, पोरांनो. गंमत म्हणायची, झालं. जगातल्या कुठल्याही कंपनीत ती आणखी दहा वर्षं उभी राहिली असती. आमच्याच कंपनीत तिला रिकाम्या हाताने चहा द्यायचा होता. आणि वहिनीला रंगमंचावरून उतरायचं नव्हतं. तिचं दुसरं काही मागणं नव्हतं. तिला दागिने नको होते, घर नको होतं, सकाळी अंथरुणात पडून राहायला नको होतं. संध्याकाळ झाली की ते अडकणारं दार खांद्याने ढकलायचं होतं, बस्स.

कप पडत गेले. एक चहा ओतताना, एक नुसता पुसताना. ती उपाय काढायची. कप दोन्ही हातांत धरायची. मग छातीशी धरायला लागली, लहान मूल धरावं तसा. पेपरात छापून आलं की आईच्या भूमिकेतली माया आता पराकोटीला पोचली आहे. तिने ते वाचून मला दाखवलं आणि इतकी हसली की डोळे पुसावे लागले.

मी काय केलं, तर एके सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो आणि फळीवर नवे कप नेऊन ठेवले. नीट, एकेक, कान एका बाजूला करून. दादा आला. फळीसमोर उभा राहिला. म्हणाला, "हे कुणी ठेवले?" आता त्याला कसे दिसले ते मला विचारू नका. मी म्हणालो, "शेजाऱ्याने दिले. शेजारी मी आहे. मी माझ्या घरचे देऊ शकतो." तो म्हणाला, "शेजारी ते कप कधी घेऊन आला? नाटकात आला का? लोकांनी पाहिलं?" आणि एकेक कप उचलून माझ्या हातात परत दिला. मी ते घेऊन उभा. कुठे ठेवू? तुम्ही सांगा, कुठे ठेवायचे असतात असे कप?

शेवटी लांबूच बोलला. जेवत होतो सगळे. म्हणाला, "दादा, तिला खरा कप द्या. एकच. डॉक्टर म्हणाले ना."

दादाने घास खाली ठेवला. "एक खरा कप आला की टेबल जाईल. खिडकी जाईल. दार जाईल. लोक म्हणतील, कप आणायला जमलं, मग टेबल आणायला काय झालं होतं? जे जे आजवर दिसत होतं ते सगळं एका कपाने खोटं पडेल."

"पडू दे की!" चिमणी तेव्हा ओरडली होती. आहे ना आठवण? ताट सरकवून उठलीस. "आईपेक्षा तुमची खिडकी मोठी आहे का?"

दादाचं तोंड उतरलं. मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. त्याची बाजू घेतली ती वहिनीनेच. "ओरडू नकोस गं त्यांच्यावर. बरोबर आहे त्यांचं. खऱ्या कपात काय, मी रोजच देते की यांना चहा. त्याला कोण तिकीट काढतंय?" मग लांबूच्या ताटात वाढत म्हणाली, "एक कप आहे अजून फळीवर. तो आहे तोवर मी आहे."

तो एक कप बरेच दिवस टिकला. कसा टिकला ते वहिनीलाच ठाऊक. ती तो फळीवरून काढायची तेव्हा प्रेक्षकांत श्वास ऐकू यायचा नाही. लांबू दारातून धावत यायला लागला, तिला चालावं लागू नये म्हणून. ड्रायव्हर कुत्रा होऊन तिच्या पायाशी लोळायचा, पडला तर अंगावर पडावा म्हणून. मी शेजारी, माझं काम त्या प्रसंगाच्या आधीच संपलेलं, पण मी खिडकीबाहेर उभा राहून पुठ्ठ्याच्या फटीतून पाहायचो. दादा विंगेत डोळे मिटून.

आणि मग तोही पडला. त्याबद्दल जास्त बोलत नाही. लांबूने त्या दिवशी रिकामी ओंजळ तोंडाला लावली, आणि लोकांना वाटलं नाटकात असंच आहे.

त्याच्या पुढचा प्रयोग एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होता, दुपारचा, पाळी सुटल्यावर. बाकं भिंतीला लावून जागा केली होती. फरशीला साबणाचा वास. फळी रिकामी. घर लावून झालं होतं, आणि मुलगा आल्यावर आई त्याला काय देणार हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. दादाने काही सांगितलं नव्हतं. वहिनीनेही विचारलं नव्हतं. ती मागच्या खोलीत शाल पांघरून तयार बसली होती.

आता ऐका. इथेच तुमचा विश्वास बसणार नाही.

कॅन्टीन गच्च भरलं. वहिनी आली. दार ढकललं, खांदा लावला. घर आवरलं. मी आलो, गेलो. पाऊस पडला. मग लांबू दारात आला. वहिनी फळीकडे गेली. हात वर नेला. फळीवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही नाही. ती तशीच उभी. हात थरथरतोय, सगळ्यांना दिसतोय. लांबूचे ओठ हलत होते.

तेव्हा पहिल्या रांगेतून एक बाई उठली. झाडलोट करणारी होती, पदराला हात पुसत उठली. पुढे आली आणि आपल्या घरचा एक कप रंगमंचाच्या कडेला ठेवला. रिकाम्या हाताने, असा. कान एका बाजूला करून. मग तिच्या मागचा उठला. त्याने ठेवला. मग भट्टीवरची माणसं, हात काळे झालेली. मग मुकादम. त्याने बशीसकट ठेवला, मुकादम तो. रांग लागली, कॅन्टीनच्या बाहेर गेली, फाटकापर्यंत गेली. कुणाचा कान तुटलेला, कुणाचा टवका उडालेला, एकाने तर लेकराचा छोटा कप आणला होता. पाय ठेवायला जागा उरली नाही. दादाने विंगेत डोळे उघडले. लोकांनी दिलं होतं, सगळ्यांनी पाहिलं होतं, आता त्याचा नियम काय म्हणणार? तो खाली बसला आणि ढसढसा रडला. आणि वहिनी वाकली, त्यातला सगळ्यात साधा कप उचलला, किटली उचलली. हात हलला नाही. झाकण वाजलं नाही. वाफ अशी वर गेली, आणि लांबूने तो कप दोन्ही हातांनी...

"काका."

चिमणीने कोट मांडीवरून बाजूला ठेवला होता.

"खोटं आहे हे, काका. बदक ठीक आहे, चमचा ठीक आहे. हे नको. आई त्या दिवशी बाहेर आलीच नाही. बाबा कॅन्टीनच्या कपाटातला कप घेऊन आत गेले. खरा कप. मी तिथेच होते. त्यांनी तो तिच्या हातात दिला, म्हणाले, घे, आजपासून हा घे, बाकीचं मी बघतो. तिने धरला. हात जरासुद्धा हलला नाही. कितीतरी वेळ तो धरून त्यांच्याकडे बघत होती, आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. मग तिने कप खाली ठेवला, शालीची घडी केली आणि म्हणाली, चिमणे, फळीवर आता कप नाही, लोकांना सांग. लोकांना परत मी पाठवलं. आणि काका, तुम्ही आत नव्हताच. तुम्ही आधीच गाडीत जाऊन बसला होतात."